हातातला आकडा

कानतोट, ता. सिद्दापूर
१४ सप्टेंबर १९९८

चि. विघ्नेश यास नागवेणी आत्याचे अनेक आशीर्वाद.

कामापुरता मामा म्हणतात, तसा आज मला कामापुरता भाचा आठवला. रागावू नकोस.

आमच्या शाळेला सुपारी सोसायटीनं दोन कॉम्प्युटर दिलेत. हेडमास्तरांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि माझ्यावर बोट ठेवलं. का, तर मी गणित शिकवते. कारवारला बारा दिवसांचं शिक्षण झालं. त्यातले तीन दिवस वीज नव्हती आणि एक दिवस शिकवणाऱ्यालाच हगवण लागली. आता दहावीच्या बेचाळीस मुलांना मी प्रोग्राम लिहायला शिकवते आहे. ज्यांना हे नको त्यांना शिवणकाम. शेहेचाळिसाव्या वर्षी नवी विद्या! तुझे काका म्हणतात, आता तुझ्याशी बोलायचं तर बटण दाबून बोलावं लागणार.

गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझा भाचा बंगळूरला कॉम्प्युटर इंजिनियर आहे, अडलं तर त्याला विचारीन. तर आता विचारते. माझ्या वर्गातल्या एका मुलाला शंका आहे. पुस्तकात लिहिलंय, क = क + १. तो म्हणतो, असं कसं होईल? कुठलाही आकडा स्वतःपेक्षा एकानं मोठा कसा असेल? गणिताच्या पेपरात कुणी असं लिहिलं तर शून्य मिळेल. त्याला काय सांगू? अगदी सोपं करून लिही, मुलगा लहान आहे.

तिकडे येणाऱ्या सुब्रायमाणीबरोबर कागदासारखे पातळ तोडदेव पाठवते आहे. खोलीतल्या सगळ्यांना वाटू नकोस, दोन तरी स्वतः खा.

तुझी आत्या


बंगळूर
२७ सप्टेंबर १९९८

ती. आत्यास विघ्नेशचा सा. नमस्कार.

तोडदेव पोचले, म्हणजे चुरा पोचला. चुराही गोड लागला.

तुझ्या त्या ठोंब्याला सांग, बाबा रे, इथलं बरोबरचं चिन्ह म्हणजे तराजू नव्हे. क हा आकडाच नाही, तो डबा आहे. डब्यात जे असेल ते काढ, त्यात एक मिळव आणि पुन्हा त्याच डब्यात ठेव. एवढंच. आमच्या इथे म्हणतात, गणितात हुशार असलेल्यांनाच हे पहिल्यांदा अडतं, डोक्यात जुनं भरलेलं असतं ना! पण महिनाभर अडून राहिला असेल तर त्याला शिवणकामाला बसवलेलं बरं.

आमचं ऑफिस सहाव्या मजल्यावर आहे. आत इतकी थंडी की उन्हाळ्यात स्वेटर घालतात. काम पुष्कळ. आप्पांना सांग, पैसे पुढच्या महिन्यात.

विघ्नेश


कानतोट
२० ऑक्टोबर १९९८

चि. विघ्नेशास आशीर्वाद.

त्या ठोंब्याला डब्याचं समजलं. पण अशा मुलांना ठोंब्या म्हणू नये, त्यांनाही मन असतं.

आयुधपूजेला हेडमास्तरांनी दोन्ही कॉम्प्युटरना गंध लावलं आणि वर अक्षता टाकल्या. तेव्हापासून एकाची दोन बटणं दाबली जात नाहीत. राहिला दीड कॉम्प्युटर आणि मुलं बेचाळीस. म्हणून आमचा नियम असा, की मुलांनी प्रोग्राम आधी वहीत लिहायचा, मी तपासायचा. लाल बरोबरची खूण झाली तरच चपला बाहेर काढून आत जायचं, दहा मिनिटं. फुली पडली तर यंत्राला हात लावायचा नाही. नाहीतर कुणीही काहीही बडवत बसेल.

आता खरं विचारायचं ते. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचा प्रोग्राम दिला होता. पुस्तकातली रीत अशी, की शेजारचे दोन आकडे बघायचे, उलटे असतील तर अदलाबदल करायची, पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यांनी तसंच लिहिलं. एका मुलीनं मात्र भलतंच काही लिहिलंय. ते मी सोबतच्या कागदावर उतरवलंय. तिनं स्वतःच खाली एक उदाहरण करून दाखवलंय. ४०, ७०, २० असे आकडे घेतले, तर तिच्या मधल्या पायरीत ४०, ७०, ७० येतात. वीस नाहीसा झाला आणि सत्तर दोनदा आला. हे चूकच ना? पुस्तकात असं कुठेच नाही. पुस्तकात नसलेलं बरोबर असू शकतं का, एवढंच कळव.

घाई नाही. म्हणजे थोडी आहे. डिसेंबरात धारवाडच्या इंजिनियरिंग कॉलेजात निवडक मुलांचं दहा दिवसांचं शिबिर आहे, तालुक्यातून शाळेमागे एक नाव. जो चमकेल त्याला पुढे दोन वर्षं तिथेच राहून शिकायला मिळेल. नाव जवळजवळ ठरलंच आहे, पण तरी.

आत्या


बंगळूर
६ नोव्हेंबर १९९८

ती. आत्यास सा. नमस्कार.

कोण ही मुलगी? नाव काय? कुणाची?

तिचा प्रोग्राम बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर. वीस नाहीसा झालेला नाही, तो हातात आहे. तिनं ह नावाचा वेगळा डबा केलाय तो पाहिला नाहीस का? आकडा उचलून ह मध्ये ठेवायचा, ओळीतल्या त्याच्याहून मोठ्यांना एकेक घर पुढे सरकवायचं, मग मोकळ्या झालेल्या घरात हातातला आकडा ठेवायचा. ही रीत कॉलेजच्या पुस्तकांत आहे, तुमच्या त्या पुस्तकात नाही एवढंच. थोडेच आकडे असतील तर ती तुमच्या रीतीपेक्षा लवकर आटोपते. इथे ज्यानं पाहिलं त्यानं विचारलं, या मुलीला कुणी शिकवलं? मी छाती पुढे काढून सांगितलं, माझ्या आत्यानं!

धारवाडला तिलाच पाठव, यात विचारायचं काय? अशी मुलं झाडाला लागत नाहीत. तिच्यासाठी एक चिठ्ठी सोबत ठेवली आहे, तिच्या हातात दे. आणि तिच्या वहीत माझ्यातर्फे पान भरून लाल खूण कर.

विघ्नेश


कानतोट
१९ नोव्हेंबर १९९८

चि. विघ्नेशास आशीर्वाद.

पत्र पोचले. तुझ्या सांगण्याप्रमाणे खूण केली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चिठ्ठी दिली, तिला आनंद झाला. नाव पुष्पलता नाईक. धारवाडचं हेडमास्तरांच्या हातात असतं.

यंदा कोळेरोग फार, निम्मी सुपारी गळून पडली. तुझ्या आईचा गुडघा दुखतो. बाकी सर्व क्षेम.

आत्या


बंगळूर
२ डिसेंबर १९९८

ती. आत्यास सा. नमस्कार.

तुझं पत्र आहे की तहसीलदाराची नोटीस? मला वाटलं होतं चार पानं येतील. टाळ्या वाजल्या तेव्हा ती काय म्हणाली, हसली की रडली, घरी काय म्हणाले? आणि तिनं मला उत्तर का नाही लिहिलं? चिठ्ठीत पत्ता दिला होता, तिकीट लावलेलं पाकीटही ठेवलं होतं. लाजत असेल.

संक्रांतीला येईन म्हणतो. तेव्हा शाळेत येऊन तिला भेटेन. तिला आधी सांगू नकोस.

विघ्नेश


कानतोट
१५ डिसेंबर १९९८

चि. विघ्नेश,

तू येण्याआधी हे लिहिलं पाहिजे. तीन कागद फाडले, हा चौथा.

मी खूण केली नाही. टाळ्या वाजल्या नाहीत. तुझी चिठ्ठी माझ्या पेटीत, रेशमी साडीच्या घडीत आहे. तुझ्या आत्यानं तुला धडधडीत खोटं लिहिलं.

तुला विचारायच्या आठ दिवस आधीच, बारा ऑक्टोबरला, मी तिच्या पानावर फुली मारून बसले होते. साधी नव्हे, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. पान खरवडलं गेलं. मग तिला उभी केली. म्हटलं, "आकडा हरवला तुझा. वीस कुठे गेला?"

ती म्हणाली, "हरवला नाही अक्कोरे, हातात आहे."

वर्ग खो खो हसला. आणि मीही हसले. मी म्हटलं, "दाखव बघू हात!" तिनं खरंच मूठ पुढे केली आणि मग तिच्या लक्षात आलं की मी थट्टा करते आहे. मूठ तशीच राहिली. विघ्नेश, तुझ्या पत्रात 'तो हातात आहे' हे वाचलं आणि माझे कान तापले. तिनं मला तेच, त्याच शब्दांत सांगितलं होतं.

ते तिथेच थांबलं असतं तरी चाललं असतं. मी पुढे विचारलं, "कुणाच्या वहीतून उतरवलंस?" ती म्हणाली, "कुणाच्या नाही. सुपारीवरून." पुन्हा हशा. ती म्हणाली, "आम्ही सुपारी निवडतो तेव्हा चटईवर लहानमोठी ओळ लावतो. नवी सुपारी आली की हातात धरायची, मोठ्या पुढे सारायच्या, जागा झाली की ठेवायची. तसं लिहिलं." मी म्हटलं, "हा कॉम्प्युटर आहे बाई, सुपारीचं खळं नाही. खोटं बोलायला शिकू नकोस."

ती सुपारी कुणाच्या अंगणात निवडते, ठाऊक आहे? आपल्या. दरवर्षी तिची आई आणि ती आपल्याच अंगणात रोजावर येतात. मी त्यांना ताक नेऊन देते. त्या चटईवर काय चाललंय हे मी इतक्या वर्षांत एकदा वाकून पाहिलं नाही.

आणि आता सगळंच लिहिते. तिच्या जागी प्रभाकर भट असता तर मी विचारलं असतं का, कुठून उतरवलंस म्हणून? नसतं विचारलं. म्हटलं असतं, वा, नवीन काही दिसतंय, बघू या. नाईकांच्या मुलीला हे आपलं आपण सुचेल असं माझ्या मनातच आलं नाही. मी स्वतःला फार मोकळ्या मनाची समजत होते रे.

धारवाडला प्रभाकरचं नाव गेलं. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कागद जायचा होता. नाव खोडून नवं घालता आलं असतं, हेडमास्तर काही म्हणाले नसते. पण मग का बदललं हे सांगावं लागलं असतं. मी पाकीट चिकटवलं. परवा प्रभाकर परत आला, पेढे घेऊन शिक्षकांच्या खोलीत आला आणि म्हणाला, "अक्कोरे, तिसऱ्या दिवशी तिथे पुष्पलताचीच रीत शिकवली!" भला मुलगा, आनंदानं सांगत होता. मी त्याला म्हटलं, "बरं, कुणाला सांगत बसू नकोस." पेढा तोंडात तसाच धरून बसले.

पुष्पलता आता शिवणाला बसते. वर्गासमोर गेले की तिची रिकामी जागा दिसते. मार्चात परीक्षा, मग तिचं शिक्षण बंद. तिच्या मामाचं शिमोग्याला शिवणाचं दुकान आहे, तिथे पाठवणार म्हणतात.

एक राहिलं. क = क + १ ची शंका असलेला तो ठोंब्या मीच.

संक्रांतीला तू शाळेत येऊ नकोस. किंवा तूच ये आणि तूच तिला सांग. तू इंजिनियर आहेस, तुझ्या तोंडून बरं दिसेल. माझ्यानं होणार नाही.

नागवेणी


बंगळूर
२४ डिसेंबर १९९८

ती. आत्या,

मी येऊन सांगू शकत नाही, कारण मी इंजिनियर नाही.

मी बी.कॉम. आहे हे तुला ठाऊकच होतं. तुम्ही सगळ्यांनी विचारलं, काम कसलं? मी लिहिलं, कॉम्प्युटरवर. ते खरं आहे. विम्याचे अर्ज येतात, त्यातली नावं आणि पत्ते मी दिवसभर टाइप करतो. आप्पांनी गावात इंजिनियर केलं, तू शाळेत केलंस, मी गप्प बसलो. सहावा मजला खरा आहे, पण आम्ही तळघरात बसतो. दोन्ही वेळची उत्तरं माझ्या खोलीच्या वर राहणाऱ्या रंगराजननं दिली. तो खरा प्रोग्राम लिहिणारा आहे. तुझी पत्रं मी त्याला वाचून दाखवायचो आणि तो सांगेल ते माझ्या अक्षरात लिहायचो. ठोंब्या मात्र माझा शब्द होता. माफ कर.

तुझं हे पत्र मी त्याला दाखवलं नाही.

आत्या, तू मला गणित शिकवलंस तेव्हा फळ्यावर चुकलीस की तळव्यानं पुसायचीस आणि म्हणायचीस, "मी चुकले, तुम्ही सगळे झोपला होता काय?" आम्हाला फार मजा वाटायची. आता चूक मोठी आहे एवढंच. दुसऱ्याचं आपल्या तोंडून सांगायला मी आहेच, जन्मभर तेच केलंय, पण इथे ते चालायचं नाही. तिला तूच उभी केलीस. तूच सांग.

आणि तो प्रोग्राम एकदा तरी यंत्रावर चालवून पाहिलास का? तुझ्या पत्रांत ते कुठेच नाही.

आप्पांना माझं मी लिहितो. तू बोलू नकोस.

विघ्नेश


कानतोट
१८ जानेवारी १९९९

चि. विघ्नेशास आत्याचे अनेक आशीर्वाद.

टाइप करणारा भाचाही मला चालतो. अर्जावरची नावं तरी नीट लिहितोस ना? या गावात माझं नाव आजवर कुठल्याही यादीत नीट आलेलं नाही.

चालवून पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर त्या यंत्रावर मी एकटीनं कधी काही चालवलंच नव्हतं. मुलांना दहा मिनिटं द्यायची आणि आपण खिडकीशी उभं राहायचं, असं चाललं होतं. लाल खुणेचा नियम मुलांसाठी नव्हता, माझ्यासाठी होता. मी वहीत बरोबर म्हटलेलंच आत जाणार असेल, तर माझी चूक कधी बाहेर यायचीच नाही.

तेरा तारखेला बुधवारी वर्ग होता. मी शिवणाच्या बाईंना सांगून पुष्पलताला बोलावून घेतलं. ती दाराशी चपला काढून तिथेच उभी राहिली, आत येईना. वही मागितली, तिनं दिली. ते फुलीचं पान उघडलं आणि सगळ्या मुलांसमोर यंत्रापुढे बसले. एका बोटानं टाइप केलं. अक्षरं सापडेनात, मुलं कुजबुजू लागली, प्रभाकर सांगायला पुढे आला, त्याला म्हटलं, थांब, माझं मला करू दे. अर्धा तास गेला. दोनदा चुकले, दोन्ही वेळा माझंच चुकलं, तिचं नाही. मग मुलांनाच आकडे विचारले. कुणी वयं सांगितली, कुणी बसचे नंबर. शेवटचं बटण दाबलं.

आकडे ओळीनं आले.

मी उठून उभी राहिले. बोलायचं ठरवून गेले होते ते सगळं विसरले. म्हटलं, "ऑक्टोबरात मी हिच्या पानावर फुली मारली. हिनं उतरवलंय असं म्हटलं, खोटारडी म्हटलं. हिचं बरोबर होतं. मला समजलं नव्हतं. हिचं बरोबर आहे हे मला नोव्हेंबरात कळलं होतं, तरी मी बोलले नाही, आणि धारवाडला हिनं जायला हवं होतं." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा रागानं बघेल, किंवा हसेल तरी. तिनं विचारलं, "मग चूक कुठे होती अक्कोरे?"

म्हटलं, "नव्हतीच गं."

"पण तुम्हीच म्हणाला होता, चूक शोधून काढ, सापडली की परत ये. तोवर शिवणाला बस."

विघ्नेश, मी असं म्हणाले होते. मागच्या पत्रात तुला लिहिलं नाही, कारण मला आठवतच नव्हतं. मला वाटत होतं ती आपली आपण रुसून गेली. मुलं निघून जाताना आपण काहीतरी म्हणतो ना, तसं मी म्हटलं असणार, आणि फळा पुसायला वळले असणार.

तिनं पिशवीतून दुसरी वही काढली. घरी शिवलेली, सोसायटीच्या जुन्या पावत्यांची, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेली. बारा ऑक्टोबरपासून रोज एक पान. रोज तोच प्रोग्राम, रोज नवे आकडे, एकेक पायरी हातानं सोडवलेली. कधी पाच आकडे, कधी वीस, एकदा सगळे सारखेच, एकदा आधीपासून ओळीत असलेले. दिवाळीच्या दिवशीसुद्धा. नव्वदच्या वर पानं. प्रत्येक पानाखाली लिहिलेलं, "उत्तर बरोबर आलं. चूक सापडली नाही." आणि डिसेंबरातल्या एका पानावर, "अक्कोरेंना दिसली. मला का दिसत नाही?"

मी ते पान वाचत होते तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, "मग अक्कोरे, मला येतं, असं म्हणू का?"

म्हटलं, "येतं गं, तुला येतं." बेचाळीस मुलांसमोर पदर तोंडाला लावून खाली बसले.

आत्या